रविवारी घाट ओलांडण्याआधी हे वाचा

सदस्यहो, रविवारच्या प्रवासात चढणीची धास्ती सगळेच घेतात, पण खरी काळजी उतारावर घ्यायची आहे. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, पकड कमी होते आणि मग पेडल कितीही दाबले तरी गाडी हवी तिथे थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, वेग इंजिनाला आवरू द्या. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर कसा लावायचा ते घरीच पाहून ठेवा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे कुणीही, अगदी सरळ उतारावरही, करू नये. जळकट वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक नाही.

दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६ अंशांनी उतरते, तेव्हा पायथ्याशी ऊन असले तरी स्वेटर हवाच. वळणांवर मळमळणाऱ्यांना पुढची जागा द्या.

दरी डोळे भरून पाहायचीच आहे, त्यासाठीच तर निघालोय! पण चालकाने ती गाडी थांबवूनच पाहावी. माथ्यावर आपण निवांत थांबणार आहोत. ढग खाली आणि आपण वर, हे दृश्य बहुधा सकाळीच मिळते, म्हणून निघायला कृपया उशीर करू नका.