अण्णांच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचे आहेत.

प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत अण्णांच्या डाव्या किडनीत गाठ दिसली आणि सीटी स्कॅनमध्ये ती २.६ सेंटिमीटरची, कॅन्सरची शक्यता असलेली निघाली. तेव्हा आमच्या घरात एकच सूर होता: काढून टाका. भाऊ दुबईहून फोनवर तेच सांगत होता, आत्या तेच म्हणत होत्या. एक किडनी देऊनही माणसं ठणठणीत जगतात की, असं जो तो म्हणायचा. त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. किडनी देणारा माणूस पारखून घेतलेला असतो, त्याची दुसरी किडनी उत्तम असते. अण्णा ७७ वर्षांचे, मधुमेह जुना, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते) १.६, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ४४. त्यांची एक किडनी गेली तर उरलेलीवर सगळा भार येणार आणि डायलिसिसची वेळ लवकर येऊ शकते. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवून वर्षही झालेलं नव्हतं. ऑपरेशनसाठी रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. हा धोका गाठीच्या धोक्यापेक्षा जवळचा होता.

रिपोर्ट बाजूला ठेवून तुम्ही अण्णांना व्हरांड्यात चालायला लावलंत, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलंत. जिना चढताना दम लागतो का, पडलात का कधी, जेवण कसं आहे, घरी कोण असतं, हे सगळं विचारलंत. मग आमच्याकडे न बघता त्यांनाच विचारलंत, "तुम्हाला काय वाटतं?" अण्णा म्हणाले, "ऑक्टोबर छाटणी मला सोता बघायचीय. पोरांच्यावर सोडवत नाही." तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचं हे उत्तर तुम्ही केसपेपरवर लिहून घेतलंत. तोवर आजाराबद्दलची सगळी बोलणी त्यांच्या डोक्यावरून, आमच्या आमच्यातच चालली होती.

थांबायचं, पण लक्ष ठेवून, हा तुमचा सल्ला पचायला आम्हाला वेळ लागला. भावाला तर वाटलं, वय झालं म्हणून सोडून देताहेत. त्याच्याशी तुम्ही फोनवर शांतपणे बोललात. चार सेंटिमीटरच्या आतल्या अशा गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच, ज्या असतात त्याही बहुतेक वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच वाढतात. लक्ष ठेवलेल्या रुग्णांमध्ये शंभरातल्या एक-दोघांचा आजार पुढच्या काही वर्षांत पसरतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून हद्द आधीच आखून दिलीत. गाठ तीन सेंटिमीटरच्या वर गेली किंवा वर्षात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली तर पुन्हा बसून ठरवायचं. तेव्हाही पोट उघडायलाच हवं असं नाही, सुई घालून गाठ जाळता किंवा गोठवता येते, नेमक्या जागी रेडिएशन देता येतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही आत्यांची भीती तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. असं फार क्वचित होतं, पण बायोप्सीच्या, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, उत्तराने आत्ता काही बदलणार नाही आणि त्यासाठीही गोळी थांबवावी लागेल, म्हणून ती पुढे ढकलू, असं समजावलंत. त्या दिवसानंतर आत्यांनी तो विषय काढला नाही.

आणि गुडघ्याच्या गोळ्या! अण्णा कित्येक वर्षं मेडिकलमधून परस्पर आणून दुखण्याच्या गोळ्या खात होते. गाठीचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावणारं आम्हाला कुणी भेटलं नव्हतं. त्या किडनीला अपायकारक म्हणून तुम्ही त्याच दिवशी बंद केल्यात, बीपीचं औषध बदललंत, हृदयाच्या डॉक्टरांशी स्वतः बोललात. सीटीच्या रंगाच्या इंजेक्शनआधी कोणती मधुमेहाची गोळी थांबवायची, ती परत कधी सुरू करायची, हे मराठीत चिठ्ठीवर लिहून दिलंत. आईने ती चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारी लावली आहे.

आता गाठ २.८ आहे. क्रिएटिनिन वाढलेलं नाही. प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा आईला जड जातो, ते खरं आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर रिपोर्ट आला की त्याच संध्याकाळी तुमचा फोन येतो. गाठ उद्या वाढली तरी आम्ही घाबरून धावपळ करणार नाही, कारण पुढची पायरी कोणती ते आम्हाला ठाऊक आहे. यासाठी मनापासून आभार.

एक विनंती. आमच्यासारखंच "काढून टाका" म्हणत कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना तुमच्याकडे घेऊन आलं आणि थांबण्याच्या नावाने घाबरलं, तर त्यांना खुशाल माझा नंबर द्या. अण्णाही बोलतील, फक्त सकाळी बागेत असतात, दुपारनंतर फोन करायला सांगा.

तुमची,
अण्णांची मुलगी