‘टेक कंपनी’ कोणाला म्हणायचे?

महोदय,

जेवण घरपोच देणाऱ्या, टॅक्सी मिळवून देणाऱ्या, मोबाइलवर कर्ज देणाऱ्या सगळ्याच कंपन्यांना बातम्यांत सरसकट ‘टेक कंपनी’ म्हटले जाते. साखर कारखान्याचा वजनकाटाही आज संगणकाला जोडलेला असतो. पण तेवढ्यावरून कारखाना माहिती तंत्रज्ञान उद्योग ठरत नाही. संगणक वापरणे वेगळे आणि संगणकसेवा विकणे वेगळे.

उद्योगांना कामानुसार कोड देणाऱ्या सरकारी यादीनुसार, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण 2008 नुसार, संगणक प्रोग्रॅमिंग व सल्लासेवा विभाग 62 मध्ये येते. रस्तेवाहतूक 49 मध्ये, खानपान 56 मध्ये, कर्ज देणे 64 मध्ये. कंपनी अनेक कामे करत असेल, तर सर्वाधिक मूल्यवर्धन (उत्पादनाच्या किमतीतून विकत घेतलेला माल व सेवा वजा जाता उरणारी रक्कम) ज्या कामातून होते ते मुख्य धरायचे. तो आकडा नसेल तर उलाढाल किंवा कर्मचारीसंख्या पाहायची. कमिशनवर चालणारे अ‍ॅप कुठे धरायचे, याचेही उत्तर आता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत जेवणाची मध्यस्थी खानपानाच्याच विभागात ठेवली आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही.

पडताळणी अवघड नाही. कंपनीच्या लेटरहेडवर 21 अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी ओळख क्रमांक, असतो. त्यातल्या पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक म्हणजे उद्योगाचा कोड. पण नुसत्या त्यावर विसंबू नये. तो नोंदणीच्या वेळी मिळतो आणि धंदा बदलला तरी बरेचदा तसाच राहतो. शिवाय याच वर्गीकरणाच्या 2004 च्या यादीत 72 म्हणजे संगणकविषयक कामे होती, तर 2008 च्या यादीत 72 म्हणजे वैज्ञानिक संशोधन. दोन्ही याद्यांची सरमिसळ झाली की कोणत्या उद्योगात किती कंपन्या, ही बेरीज चुकते. खरे चित्र वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये, उत्पन्नाच्या फोडीत दिसते : सॉफ्टवेअरचे शुल्क किती, कमिशन किती, व्याज किती, मालविक्री किती.

नावाने बराच फरक पडतो. आपण फक्त तंत्रज्ञान पुरवतो, असे उबरचे म्हणणे होते. भाडे आणि सेवेच्या अटींवर कंपनीचाच निर्णायक प्रभाव असल्याने ही वाहतूकसेवाच आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 20 डिसेंबर 2017 रोजी दिला. आपल्या सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये अशा कंपन्यांना ‘अ‍ॅग्रीगेटर’ (ग्राहक आणि सेवा देणारा यांना जोडणारी डिजिटल मध्यस्थ) म्हटले आहे. कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी त्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्के ही तिची कमाल मर्यादा. पावसात दुचाकीवरून पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाच्या हक्काचा हा पैसा आहे. मथळ्यात त्याला काम देणारी कंपनी ‘सॉफ्टवेअर कंपनी’ झाली की त्याचे काम वाचकाच्या नजरेआडच राहते.

नोकऱ्यांच्या बातम्यांतही हाच घोळ होतो. बँकेत कोड लिहिणारी व्यक्ती व्यवसायाने सॉफ्टवेअर डेव्हलपर, पण तिचा उद्योग बँकिंग. ‘आयटीत इतक्या नोकऱ्या गेल्या’ असे छापताना आकडा उद्योगाचा आहे की व्यवसायाचा, हे त्याच ओळीत द्यावे. आणि कंपनीच्या नावाआधी ‘टेक’ लावण्यापूर्वी तिचे सर्वाधिक उत्पन्न कशातून येते ते तपासावे, ही विनंती.

– औद्योगिक आकडेवारीचे अभ्यासक, पुणे