झोपेत चालणाऱ्या माझ्या लेकीस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

"आई, माझ्या मेंदूत काही बिघाड आहे का गं?" असं तू काल विचारलंस. फोनवर तुला रडू आवरत नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. वाटलं तर रूममेटलाही वाचायला दे. झोपेत तू कडी काढून व्हरांड्यात गेलीस, तेव्हा तीही बिचारी घाबरली असणार.

बिघाड नाही, सायली. आपल्याला वाटतं, झोपलं की अख्खा मेंदू झोपतो आणि उठलं की अख्खा उठतो. तसं होत नाही. रात्रीच्या पहिल्या काही तासांत झोप सगळ्यात गाढ असते. त्या झोपेतून तुझा मेंदू अर्धाच जागा होतो.

२००० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी हे टिपलं. सोळा वर्षांचा एक मुलगा झोपेत उठला, त्याच वेळी त्यांनी त्याला किरणोत्सारी औषध टोचलं. ज्या भागाला त्या क्षणी जास्त रक्त जातं, तिथे हे औषध जास्त साठतं, त्यामुळे स्कॅन नंतर केला तरी चित्र त्या क्षणाचंच मिळतं. हालचाल आणि भावना यांच्याशी जोडलेल्या मेंदूच्या आतल्या पट्ट्यात आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत रक्तप्रवाह वाढलेला होता. कपाळामागच्या, सारासार विचार करणाऱ्या भागात तो कमी होता. म्हणून तुला कडी काढता आली, पाय अडखळले नाहीत, डोळे उघडे होते, आणि तरीही समोर उभी असलेली मैत्रीण ओळखू आली नाही. पुढे इटलीत एका फिट्सच्या रुग्णाच्या मेंदूत तपासणीसाठी इलेक्ट्रोड बसवले होते. तो झोपेतून असाच अर्धवट उठला, तेव्हा आठवणी साठवणारा भाग झोपलेलाच दिसला. सकाळी तुला काही आठवत नाही, ते यामुळेच असावं.

आणखी एक प्रयोग वाचला आणि मला फार बरं वाटलं. स्वित्झर्लंडमधल्याच लोझान शहरातल्या शास्त्रज्ञांनी दिवसा, पूर्ण जाग्या माणसांना चालता चालता सात-सातने उलटी वजाबाकी करायला सांगितली. बाकीच्यांची चाल मंदावली, झोपेत चालणाऱ्यांची नाही. चालणं त्यांच्या अंगात इतकं आपसूक भिनलेलं असतं.

हे घराण्यातूनही येतं. तुझे बाबा दहावीपर्यंत झोपेत चालायचे, आजी दाराला वरून कुलूप लावायची. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात मुलांच्या वाढीच्या कित्येक वर्षांचा मागोवा घेतला गेला. २०१५ साली छापलेल्या त्या अभ्यासात आईवडिलांपैकी एकाला ही सवय असलेल्या मुलांपैकी सुमारे ४७ टक्के झोपेत चालत होती. दोघांनाही नसेल, तर सुमारे २२ टक्के. तेव्हा कोणी "बाहेरचं आहे" म्हणालं, अंगारा लाव म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण जागरणं मात्र थांबव. सबमिशनसाठी रात्र-रात्र जागलीस आणि मग मेल्यासारखी झोपलीस, तिथेच हे सुरू झालं असणार. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत झोपेत चालणाऱ्यांना २५ तास जागं ठेवून मग झोपवलं आणि झोपेत आवाज केला, तर असे प्रकार खूप वाढले. ताप, मोबाईलचा गजर, भरलेलं मूत्राशय, यांनीही होतं.

वरचा पलंग आजच सोड, वॉर्डनना सांगून खालचा घे. खिडकी लावून झोप. रूममेटला सांग, पुन्हा असं झालं तर तिने तुला हाका मारू नयेत, हलवू नये. जागं केल्याने जीव जात नाही, पण तू गोंधळून तिला ढकलशील. हळू बोलत, कोपराला धरून पलंगापर्यंत आणायचं, बस्स.

आठवड्यात पुन्हापुन्हा झालं, लागलं-खुपलं, किंवा तू झोपेत मोठ्याने घोरतेस असं ती म्हणाली, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. मी येईन सोबत. वॉर्डनशी बोलणं झालं की संध्याकाळी फोन कर.

तुझी,
आई