शेवट फोडू नका, भीती तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका नव्या भयकादंबरीचे परीक्षण वाचले. असल्या पुस्तकांना पुरवणीत जागा मिळते हेच मुळात दुर्मीळ, म्हणून आधी आभार. पण परीक्षणाचा पाऊण भाग कथानक सांगण्यात गेला. विहिरीत नेमके कोण आहे तेही सांगून झाले आणि उरलेल्या चार ओळींत कादंबरी 'वाचकाला खिळवून ठेवते' असा निर्वाळा दिला. आता काय खिळणार? दोनशे पानांनंतर कळायचे ते रविवारी सकाळी चहासोबतच कळले.

मी शाळेपासून भयकथा आणि थरारकथा वाचते, त्याही बहुतेक लोकलमध्ये. (सकाळच्या विरार गाडीत वाचताना अंगावर काटा आला तर ते पुस्तक खरे. तिथे भुतालासुद्धा उभे राहायला जागा नसते.) माझे म्हणणे एवढेच आहे की या दोन प्रकारांना एकच मोजपट्टी लावून चालत नाही आणि सामाजिक कादंबरीची तर मुळीच नाही.

रहस्यकथेत लेखकाने वाचकाशी सचोटीने वागायचे असते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये त्याचे दहा नियमच घालून दिले. त्यांत अमानवी शक्तींना बंदी आहे आणि गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको असेही बजावले आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांना हे नियम लावले तर झुंजार आणि काळापहाड यांची निम्मी मजाच जाईल, हेही खरे. तरी आजच्या लेखकाला विचारायला हवे की खुनी कोण हे कळल्यावर मागची पाने उलटून पाहिली तर धागे सापडतात का? परीक्षकाने पुस्तक दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

तपशिलाचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाच्या शिक्षेचे कलम आता १०३. तरी त्यानंतर घडणाऱ्या थरारकथेत मुंबईचा इन्स्पेक्टर नव्या गुन्ह्यालाही जुन्या दंड संहितेतले 'तीनशे दोन लावा' म्हणून ओरडतो. ऐन वेळी नायकाच्या मोबाइलची बॅटरी संपते ते वेगळेच. परीक्षणात याबद्दल अवाक्षर नसते.

भयकथेचे गणित उलटे. तिथे उलगडा जितका पक्का, तितकी भीती कमी. नारायण धारपांचेच पाहा. त्यांचे बळ सुरुवातीच्या पानांत आहे. साधे घर, साधी माणसे, आणि काहीतरी किंचित चुकते आहे एवढीच जाणीव. ही जाणीव ते इतकी सावकाश वाढवतात की आपण कधी घाबरायला लागलो ते समजत नाही. मात्र दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक 'समर्थ', त्याच्या कथांत समर्थ आले की मी निर्धास्त होते. ते निभावून नेणार हे ठाऊक असते आणि भीती तिथेच संपते. धारपांवर प्रेम करणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण परीक्षकाने हे बोलायला हवे. रत्नाकर मतकरींच्या कितीतरी गूढकथांत असा सोडवणारा कुणी नसतो. माणसाच्या आतलेच काहीतरी घरभर पसरते, म्हणून त्या जास्त काळ छळतात.

रूपांतरांबद्दल तर बोलायलाच नको. धारपांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' या रक्तपिपासूंच्या कादंबरीवर बेतलेली आहे. यावर कुणी 'उचलेगिरी' म्हणून मोकळे होतात, तर कुणी मूळ पुस्तकाचा उल्लेखच करत नाहीत. क्रूस आणि चर्च ज्या कथेच्या मुळाशी आहेत ती मराठी वाचकापुढे आणताना त्यांच्या जागी काय उभे केले, ते पटते का, हे तपासायचे कष्ट कोण घेणार? माझ्या मते ती भीती आपल्या मातीत रुजली आहे. पण ऋण मान्य करायलाच हवे.

हे परीक्षण कुणासाठी, असे कुणी विचारेल. 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळल्यावर माझ्या भाचीने विचारले, "मावशी, धारप कुठून सुरू करू?" मी माझ्या बुद्धीने एक पुस्तक हातात दिले. तिला वाचायला देता येईल असा एखादा नेटका लेख मात्र घरातल्या कात्रणांत सापडला नाही. नव्या लिहिणाऱ्यांचे नुकसान तर याहून मोठे. मुंबईतले जोडपे कोकणातल्या जुन्या वाड्यात जाऊन घाबरते, हा साचा किती वर्षे चालणार? इथल्या पुनर्विकासात अर्ध्या रिकाम्या झालेल्या चाळीत, जिथे शेवटचे दोन बिऱ्हाडकरू उरले आहेत, तिथे काय कमी भय आहे? पण हे लेखकाला छापून सांगणारा परीक्षक हवा ना.

महिन्यातून एकदा तरी पुरवणीत या पुस्तकांसाठी अर्धे पान द्यावे आणि ते लिहायला हा प्रकार आवडीने वाचणाऱ्याला सांगावे, ही विनंती. शेवटाची चर्चा अगदीच टाळता येत नसेल तर तो मजकूर वेगळ्या चौकटीत छापून वर तशी सूचना द्यावी. पुस्तक संपल्यावर आम्ही ती चौकट आवर्जून वाचू.

आपली,
एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई