खालच्या मजल्यावरच्या ताईंना, मनापासून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण हल्ली नव्याने शहरात आलेली ओळखीतली मुलं-मुली मला एकामागून एक प्रश्न विचारतात, आणि मी त्यांना जे सांगते ते जवळजवळ सगळं तुमचंच असतं. उत्तरं तुमची आणि कौतुक माझं, हे मला पटत नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी त्या तात्पुरत्या खोलीत राहायला आले तेव्हा "होईल सगळं नीट" हे वाक्य घरून, ऑफिसातून, जुन्या मैत्रिणींकडून सारखं कानावर पडत होतं. तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "पत्त्याच्या पुराव्याचं काय केलंस?" बँक, फोन, ग्रंथालय, दवाखाना, जिथे जावं तिथे आधी पत्ता मागत होते आणि मी सुचेल त्या खिडकीवर धावत होते. कामं अवघड नव्हती, त्यांचा क्रम मला ठाऊक नव्हता. तो तुम्ही लावून दिलात: आधी भाडेकरार, त्याची नोंदणी होत असेल तर ती, मग बँक, मग बाकी सगळं. बँक पत्ता मागते आणि घरमालक बँकेचं खातं मागतो, अशा फेऱ्यात अडकलं तर कंपनीकडून लेटरहेडवर पत्र घ्यायचं, तेही तुम्हीच सुचवलंत. कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी काय काय लागतं ते फोन करून विचारायचं, आणि सांगणाऱ्याचं नाव व तारीख टिपून ठेवायची, ही सवय मला तुमच्यामुळे लागली. आणखी एक करायला लावलंत. बँक, विमा आणि नोकरीच्या कागदांवरचा जुना पत्ता एकाच बैठकीत बदलून घ्यायला लावलात. ते राहून गेलं असतं तर नवं कार्ड जुन्या गावी जाऊन पडलं असतं.

पण तुमचे सगळ्यांत जास्त आभार मानायचे आहेत ते घर शोधताना सोबत आल्याबद्दल. तुमचं घर पाहणं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. एजंट हॉलमधल्या खिडकीचं कौतुक करत होता आणि तुम्ही सरळ मोरीत जाऊन सगळे नळ एकदम सोडलेत, धार किती बारीक होते ते बघायला. मग कपाट थोडं पुढे ओढून मागच्या भिंतीला तळहात लावलात. भिंत गार आणि ओलसर लागली. वरून नवा रंग होता, पण खाली कोपऱ्यात रंगाला बारीक फोड आले होते. आतल्या खोलीत जाऊन फोनला रेंज येते का तेही पाहिलंत. आपण ते घर घेतलं नाही. पुढचं घर तुम्ही मला दोनदा पाहायला लावलंत, एकदा दिवसा आणि एकदा रात्री जेवणं आटोपल्यावर, कारण आवाज, जिन्यातला उजेड आणि गल्लीतली वर्दळ दिवसा कळत नाही. ऑफिसला किती वेळ लागतो तेही नकाशात बघून ठरवू दिलं नाहीत. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी त्या रस्त्याने जाऊन ये, म्हणालात. आणि घर सोडून जाणारे भाडेकरू भेटलेच, तर का सोडताय हे त्यांनाच विचार, मालकाला नको.

कराराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता माझं पाठ आहे. घर स्वतः पाहिल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही, मग समोरचा कितीही घाई करो. पैसे बँकेतून द्यायचे, पावती घ्यायची. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, किती महिने आधी नोटीस द्यायची, मुदतीआधी सोडलं तर काय, रंगाचा खर्च कोणाचा, हे सगळं लेखी हवं. तोंडी कबूल केलेलं घर सोडताना कोणालाच आठवत नाही. आणि सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवायचे. मी पाठवले तेव्हा मालक उलट खूश झाले.

माझ्या थायरॉइडच्या गोळ्यांचं तर तुम्हाला मी सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही लगेच माझी चिठ्ठी मागितलीत. तिच्यावर फक्त कंपनीने दिलेलं नाव होतं. "हे नाव दुसरीकडे मिळेलच असं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून आण," म्हणालात. मी जुन्या डॉक्टरांकडून लेव्होथायरॉक्सिन आणि किती मायक्रोग्रॅम ते स्पष्ट लिहून घेतलं, महिनाभर पुरतील इतक्या गोळ्याही आणल्या. परदेशी जाणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. तापाने फणफणलेला माणूस दुकानात उभा राहून हे शोधू शकत नाही. म्हणूनच डॉक्टर शोधायचा तो बरं असताना, आजारी पडल्यावर नाही, हा तुमचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायला लावलात. वर आणीबाणीचा क्रमांक, खाली माझा पूर्ण पत्ता, मजला, जवळची खूण, आणि शेवटी दोन शेजाऱ्यांचे नंबर. क्रमांक देशागणिक बदलतो. भारतात आणि युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. तो पाठ असतो बहुतेकांना. पण रुग्णवाहिका बोलावली की पत्ता सांगावा लागतो, आणि नव्या घराचा पत्ता घाबरलेल्या माणसाच्या तोंडी पटकन येत नाही. आता मी कोणाच्या नव्या घरी गेले की आधी तो कागद लिहून देते.

एकटेपणाबद्दल तुमच्याशी मी एकदाच बोलले. रविवारची दुपार सरत नाही, एवढंच म्हणाले होते. तुम्ही मला घरी बसवून घेतलंत आणि म्हणालात, दहा ठिकाणी ओळखी करत फिरू नकोस, एकच जागा धर, दर आठवड्याला त्याच वेळी जा आणि मन लागलं नाही तरी दोन-तीन महिने सोडू नकोस. मी ग्रंथालयातल्या वाचनगटात जायला लागले. सुरुवातीला लोक नुसते हसून मान हलवायचे. पुढे कोणीतरी जागा धरून ठेवायला लागलं. मग कधीतरी मी आले नाही म्हणून फोन आला. नंतर कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा अभ्यास वाचनात आला आणि तुमचीच आठवण झाली. नव्या ठिकाणी राहायला गेलेल्यांना विचारून त्यांनी हिशेब मांडला आहे. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सोबतीचे सुमारे ५० तास लागतात, पक्की मैत्री व्हायला ९०च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्यात तितके उपयोगी पडत नाहीत, असंही त्यांना आढळलं. हे वाचून मला फार हायसं वाटलं. पहिल्या महिन्यात कोणी जवळचं झालं नाही, यात माझ्या स्वभावाचा काही दोष नव्हता. तेवढे तास व्हायचे होते, इतकंच. आल्या आल्या कोणी "इथली माणसं तुटक आहेत" म्हणालं की मी त्यांना हे आकडे सांगते.

रस्ते ओळखायचे म्हणून मला बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायला लावलंत, तेही फोन पिशवीत ठेवून. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी पाहायला सांगितलंत.

ताई, यातली बहुतेक कामं तुम्ही स्वतः चार फोन करून उरकू शकला असता. तुमची ओळख सगळीकडे होती. तरी प्रत्येक वेळी तुम्ही शेजारी उभ्या राहिलात आणि बोलायला मला लावलंत. त्या वेळी मला ते जड जायचं. पण तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तेव्हा माझं एकही काम अडलं नाही, ते त्यामुळेच. मदत कशी करावी, हे मी तुमच्याकडून शिकले, आणि याबद्दल तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच.

मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात आलेल्या एका नव्या मुलीचा भाडेकरार मी तिच्यासोबत बसून वाचला. अनामत परत करण्याची मुदत त्यात नव्हती. मालकाला फोन तिनेच केला, मी नुसती शेजारी बसले होते. कलम घातलं गेलं. हे सगळं मला कोणी शिकवलं, असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी तुम्हाला भेटायला येतो आहोत.

तुमची,
वरच्या खोलीतली