हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट एक नाहीत हो!

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात इंग्रजी शब्द नकोत असं सांगायला हे पत्र नाहीये, तशी पत्रं तुमच्याकडे ढिगाने येत असतील. वापरा की बिनधास्त. फक्त दोन शब्द जवळचे वाटतात म्हणून एकाच्या जागी दुसरा ढकलू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि अफेक्ट-इफेक्टवाल्या स्पेलिंगच्या चुकांबद्दल मी बोलतच नाहीये, त्याने कुणाचं काही बिघडत नाही (तसंही वह्या-पेनांची स्टेशनरी आणि 'जागच्या जागी थांबलेला' या अर्थाचा स्टेशनरी, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असलं तरी देवनागरीत सारखेच दिसतात, त्यामुळे ते भांडण आपल्याकडे कधीच मिटलंय). मी बोलतोय ते ज्या जोड्यांमुळे बातमीच चुकते त्यांच्याबद्दल.

आता कुणी अचानक गेलं की बातमी कशी येते बघा. हेडिंगमध्ये हार्ट अटॅक, पहिल्या पॅरात कार्डियाक अरेस्ट आणि शेवटी हृदयविकाराचा तीव्र झटका, माणूस एकच आणि कारणं तीन! हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी ब्लॉक होते, त्या भागाच्या स्नायूला रक्त मिळत नाही, पण हृदय बहुतेक वेळा चालू असतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, छातीत दाबल्यासारखं होतंय, हात किंवा जबडा दुखतोय असं सांगतो, घाम फुटतो, कधी कधी तर तासन् तास ॲसिडिटी समजून बसून राहतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाच्या विजेच्या सिस्टीममध्ये घोळ होतो आणि पंपिंगच थांबतं, माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा नुसते आचके येतात. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो हे खरं, गोंधळ त्यातूनच होतो, पण पाण्यात बुडाल्याने किंवा शॉक लागल्यानेही अरेस्ट होतो, तिथे नळी ब्लॉक असायची गरज नाही.

फरक कळून काय करायचं म्हणाल तर समोरच्याने काय करायचं तेच बदलतं. अटॅकवाल्याला ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवून शांत बसवायचं, चालवत न्यायचं नाही. अरेस्टवाल्यासाठी ॲम्ब्युलन्सला फोन करून लगेच सीपीआर सुरू करायचा, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबायचं, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, आणि कुणाला तरी एईडी मशीन (हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके परत ताळ्यावर आणणारं यंत्र) आणायला पिटाळायचं. बातमीत दोन्हीची भेळ केलीत तर वाचणारा शुद्धीवरच्या माणसाची छाती दाबत बसेल नाहीतर कोसळलेल्याला पाणी पाजायला जाईल. आणि नुसतं 'कार्डियाक अरेस्टने मृत्यू' असं लिहिणं म्हणजे तर काहीच न सांगणं, हृदय शेवटी प्रत्येकाचंच थांबतं, ते का थांबलं ते सांगा. माहीत नसेल तर 'अचानक निधन' लिहा, कोणी नाव ठेवणार नाही.

भूकंपाचंही तेच. मॅग्निट्यूड म्हणजे भूकंप मुळात किती मोठा होता, त्याचा आकडा एका भूकंपाला एकच. इंटेन्सिटी म्हणजे कुठे किती हादरलं, ती जागेप्रमाणे बदलते आणि मर्काली स्केलवर १ ते १२ अशी मोजतात. आपण दोन्हीला तीव्रता म्हणून मोकळे होतो, मग एकाच धक्क्याची एका गावात ६.१ आणि शेजारच्या गावात ५.४ तीव्रता छापून येते. वर 'रिश्टर स्केल' असतंच, ते १९३५ सालचं माप, मोठ्या भूकंपांना आता मोमेंट मॅग्निट्यूड हे नंतरचं माप वापरतात. ५ आणि ६ मध्ये एकाचाच फरक म्हणून वाचणारा सोडून देतो, पण ऊर्जा साधारण ३२ पट वाढलेली असते, हे कंसात तरी टाका.

टक्केवारीचा घोळ मला मुद्दाम केलेलाही वाटतो, तुम्ही नाही, प्रेसनोट काढणारे. एखाद्या पक्षाची मतं ४० टक्क्यांवरून ३० वर आली तर ती १० पर्सेंटेज पॉइंटने घटली, आणि टक्क्यात सांगायचं तर २५ टक्क्यांनी. दोन्ही खरं, पण 'फक्त १० टक्के घट' हे साफ खोटं. गंमत म्हणजे तुमच्या बिझनेस पानावर व्याजदर बेसिस पॉइंटमध्ये (एक बेसिस पॉइंट म्हणजे पर्सेंटेज पॉइंटचा शंभरावा भाग) बरोबर येतात आणि तीच बातमी पहिल्या पानावर आली की टक्क्यात घसरते.

वेदर आणि क्लायमेटला तर आपण एकच हवामान शब्द देऊन ठेवलाय. वेदर आजचं-उद्याचं, क्लायमेटची सरासरी काढायला साधारण ३० वर्षांचे आकडे धरतात. म्हणून एका थंड आठवड्यानंतर 'कुठे गेलं ग्लोबल वॉर्मिंग' असं हेडिंग देऊ नका, विनोद म्हणूनही नको, लोक ते खरं धरून पुढे फॉरवर्ड करतात.

आणि एक, ऑनलाइन आवृत्तीत असली चूक लक्षात आली की तुम्ही शब्द गुपचूप बदलता, तसं न करता खाली 'दुरुस्ती' म्हणून एक ओळ टाका, आधी काय छापलं होतं तेही लिहा. ज्याने सकाळी वाचलं तो परत येऊन बघत नाही हे मान्य, पण निदान ज्याच्याकडे स्क्रीनशॉट आहे त्याला तरी कळेल कुठलं बरोबर.

आपला,
एक नियमित वाचक