फकिराची भूक आणि हजेरीची वही

संपादक महोदय,

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीविषयी बोलताना आपण बहुतेकदा तिचा नायक फकिरा याच्या शौर्यापाशीच थांबतो. कादंबरी उभी आहे ती मात्र हजेरी आणि धान्य या दोन गोष्टींवर. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांच्या वहीत नाव चढले की ठरल्या वेळी त्यांच्यापुढे हजेरी, हद्दीबाहेर जायचे तर परवाना. मग चार गावे हिंडून पोट भरणाऱ्याने करायचे काय? हजेरी सांभाळावी तर मजुरी बुडते, मजुरीला जावे तर गैरहजेरीचा गुन्हा. त्यात दुष्काळ. फकिरा धान्य लुटतो ते उपाशी माणसांसाठी. सरकारदरबारी मात्र त्यातून ‘ही जातच चोर’ एवढेच सिद्ध होते. भूक कायद्याने वाढवायची आणि वर तिलाच पुरावा मानायचे!

हल्लीच्या बऱ्याच कथांत उपरा माणूस नुसता दुर्दैवी असतो. पावसाची रात्र, गळकी झोपडी, शेवटी मरण. त्याला कोणत्या कागदाने, कोणत्या दारात अडवले, याचा पत्ता नसतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पाठोपाठ ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. आजही विमुक्त जाती (त्या कायद्यातून मुक्त झालेल्या) आणि भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या पालात राहिलेल्याने तो कुठून आणावा? लेखकांनी तहसील कचेरीतली ती रांग एकदा लिहून पाहावी.

– एक वाचक